जवसाचं धोतर

वैनगंगेच्या खोऱ्यात, धानाच्या बांध्या जिथे तळ्यांना टेकून पसरल्या आहेत, तिथे आवळडोह नावाचं एक लहानसं गाव होतं. गाव लहान, पण भाग्य मोठं! घाटावरच्या करंजाखाली सखोजी महाराजांची झोपडी होती. महाराज कुठून आले, कुणाचे कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एका उन्हाळ्यात नदी उतरून आले, करंजाखाली बसले आणि बसले ते बसलेच. अंगावर एक उपरणं, मुखी नाम. दारी आलेल्याला ते कधी उपदेश करीत नसत. आधी विचारीत, "जेवला का रे बाप्पा?" आणि मग त्याचं ऐकत बसत. ऐकता ऐकताच कित्येकांची दुःखं हलकी होत.

त्या घाटावर रोज संध्याकाळी एक बाई येऊन उभी राही. तिचं नाव सारजा. घागर भरून झाली तरी ती परतायची नाही. पलीकडच्या काठाकडे बघत राहायची. पलीकडे सावरटोला. तिथल्या लेकीसुना त्याच वेळी पाण्याला येत. इतक्या लांबून चेहरे कुठले दिसायला? रंगीत ठिपके हलताना दिसत, एवढंच. पण त्यातला एक ठिपका घागर डाव्या कमरेवर घ्यायचा. सगळ्या उजव्या कमरेवर घेत, ही एकटी डाव्या. सारजाच्या जिवाला तेवढं पुरे होई. ती माझी गवरा! आज चालताना रेंगाळली, थकली असेल. आज नवं लुगडं दिसतंय, सण केला असेल. अशी चार वर्षं ती लेकीचा संसार नदीपलीकडून वाचत होती.

मधे नदी होती, डोंगा होता, बकाराम ढिवर रोज माणसं अलीकडे-पलीकडे करीत होता. मग सारजा जात का नव्हती? ऐका.

सारजा जातीची कोष्टीण. तिचा धनी गोमाजी पंचक्रोशीत नावाजलेला विणकर. गवराचं लग्न सावरटोल्याच्या डोमाजी परातेच्या मुलाशी ठरलं. हा डोमाजी त्या भागातल्या विणकरांचा पुढारी. बाहेरगावाहून येणारे सुताचे गठ्ठे त्याच्याच ओसरीवर उतरत आणि तिथून घरोघरच्या मागांना वाटले जात. त्यांच्यात एक रीत होती. लग्नात मुलीच्या बापानं व्याह्याला मानाचं धोतर द्यायचं, आणि ते घरच्या मागावर विणलेलंच हवं. गोमाजीनं ते धोतर मोठ्या हौसेनं मागावर चढवलं. अर्धं विणून झालं आणि तो तापानं पडला. सहा दिवसांत खेळ आटोपला. मागावरचं अर्धं कापड कापून त्याच्याच अंगावर घातलं.

तिथी ठरलेली होती, मांडव पडला होता. कपाळ पांढरं झालेल्या सारजानं लेकीचं लग्न तर लावून दिलं, पण दुःखाच्या भरात तिच्या हातून एक चूक झाली. विणकराच्या घरची बाई, आणि तिनं व्याह्याला बाजारातून आणलेलं धोतर दिलं! डोमाजीनं घडी उलगडली. कोपऱ्यावर दुकानाचा छाप. भर मांडवात तो उभा राहिला आणि म्हणाला,

"कोष्ट्याच्या घरी कोष्ट्याले बाजारचं धोतर? विहीणबाई, तुमच्या घरच्या मागावरचं कापड माझ्या हातात पडेल, त्या दिवशी तुमची लेक माहेर पाहील. तोवर नाई."

गवरा मागे वळून वळून बघत डोंग्यात बसली.

सारजा एकदा गेली होती पलीकडे. डोमाजीनं ओसरीवरूनच विचारलं, "कापड आणलं?" आतून बांगड्यांचा आवाज आला आणि थांबला. आपल्यामुळे लेकीला बोलणी बसतील म्हणून सारजा पाणीही न पिता परतली. आणि कापड आणावं कुठून? सूत डोमाजीच्या हातात, आणि तिला एक लडीसुद्धा द्यायची नाही असं त्यानं सगळ्यांना बजावलेलं. त्या चिखलाच्या मुलखात कापूस होत नव्हता. गोमाजीच्या मागावर कोळिष्टकं धरली. सारजा लोकांच्या बांध्यांत धान लावू लागली.

चौथ्या वर्षी, दिवाळी नुकतीच झाली होती, बकारामनं डोंगा बांधता बांधता सांगितलं, "काकू, तुमच्या गवराले दिवस गेले म्हणतात."

सारजानं घागर तिथेच ठेवली. पहिलं बाळंतपण! ते माहेरी व्हायचं असतं. पोरगी आईच्या हातचं खाईल, आईच्या मांडीवर डोकं टेकून कळा सोसेल. ती तशीच महाराजांच्या झोपडीत जाऊन रडू लागली.

महाराजांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "सारजा, तुझ्या बांधीत काय पिकते?"

"माझी कायची बांधी, महाराज! वीतभर तुकडा हाय. धान निघाला का जवस टाकतो. आणखी काय पिकणार?"

महाराजांनी कोपऱ्यातून जवसाची एक वाळकी काडी घेतली. गेल्या साली कुणीतरी चुलीसाठी आणून टाकलेली. त्यांनी ती मधोमध मोडली. काडी मोडली, पण सुटली नाही. दोन्ही तुकडे एका तंतूवर लोंबत राहिले. पिवळसर, केसासारखा, पण तुटेना.

"हे पाह्य," महाराज म्हणाले, "देवानं हिच्या पोटात सूत ठेवलं हाय. आपण फक्त तेल पाहतो. यंदा दाट पेर. इतकं दाट, का काडीले फांदी फुटायले जागा नाई राहिली पाहिजे."

सारजानं दाट पेरलं. पौषात बांधी निळ्या फुलांनी भरून गेली. सकाळी फुलं उघडत, दुपारी गळत. फाल्गुन लागला, बोंडं अजून हिरवीच होती, तेव्हा महाराज म्हणाले, "आता उपट. मुळासकट. पिकू देऊ नको."

गाव हसायला लागलं. हिरवा जवस उपटते! तेलाला मुकली! डोमाजी त्या दिवशी आवळडोहला सूत वाटायला आला होता. बांधावर उभा राहून तो मोठ्यानं म्हणाला, "विहीणबाई, जवसाचं धोतर विणता म्हणे? नेसून बाहेर पडलो तर पाखरं टोचतील ना मले! अन् धुऊन पिळलं तर तेल निघेल का पाणी?"

बरोबरचे विणकर खो खो हसले. सारजानं पदर डोक्यावर ओढला आणि पुढची मूठ उपटली. डोमाजीची नजर मग घाटावर गेली. "आणि हे तुमचे महाराज! कोष्ट्याले विणणं शिकवते म्हणजे कमालच झाली."

महाराजांच्या कानावर ते गेलं. ते नुसते हसले.

पेंढ्या डबऱ्याच्या साचलेल्या पाण्यात बुडवल्या. अंबाडी कुजवायची सारजाला सवय होती. पंधरा-वीस दिवस पाण्यात ठेवायची, वर दगड, की विसरून जायचं. महाराज म्हणाले, "अंबाडीचा हिशेब हिले लावू नको. ही नाजूक हाय. रोज येऊन एक काडी मोडून पाहत जा." सातव्या दिवशी काडी मोडताच साल अलगद सुटून आली. आणखी दोन दिवस राहिली असती तर सगळा लगदा झाला असता. तिनं पेंढ्या वाळवल्या, मोगरीनं कुटल्या, गोमाजीच्या जुन्या फणीनं विंचरल्या. फणीतून निघालेला तो पिवळट झुपका हातात घेतला, तेव्हा तिला गवराच्या लहानपणच्या केसांची आठवण झाली. उन्हात असेच पिंगट दिसायचे. तेल लावून बसवलं की पोर पळून जायची.

पण सूत? सूत काही केल्या होईना. कापसाला सरावलेली तिची बोटं. कोरड्या हातानं टकळीवर पीळ देई आणि तंतू सगळीकडून काट्यासारखे उभे राहत. वीतभर होई, तुटे. पुन्हा जोडी, पुन्हा तुटे. चैत्र गेला. वैशाख अर्धा झाला.

अशात एके दिवशी बकाराम म्हणाला, "काकू, गवरा आता पाण्याले येत नाई. पाय सुजले म्हणतात. सुईण पाहून गेली."

त्या संध्याकाळी घाटावर डाव्या कमरेचा ठिपका नव्हता. चार वर्षांत पहिल्यांदा सारजाला पलीकडचा काठ रिकामा वाटला. दुसऱ्या दिवशी ती टकळी घेऊन बसली खरी, पण डोळ्यांना धार लागलेली. कोण चोळत असेल तिचे पाय? तिला आंबट हवं असेल, कोणाला सांगत असेल? डोळे पुसायचे, त्याच बोटांनी सूत ओढायचं. ओढता ओढता तिच्या ध्यानात आलं, की टकळी केव्हाची फिरतेच आहे. धागा तुटला नाही! तिनं सूत बोटांत धरून पाहिलं. सगळे काटे निजले होते. सूत गुळगुळीत, वळलेलं, चिवट. ओल्या बोटांनी जवस वश झाला होता!

ती धावत महाराजांकडे गेली. महाराज म्हणाले, "पाण्याची वाटी जवळ ठेवून बस आता, बाई. डोळ्यातलं पाणी गवरासाठी राहू दे."

सारजा रडता रडता हसली.

मग तिनं मागाच्या खड्ड्यातली माती उपसली. आयुष्यभर तिनं नवऱ्याच्या कांड्या भरल्या होत्या, ताणा केला होता, पण मागावर कधी बसली नव्हती. पहिले चार दिवस धोटा हातातून निसटे, काठ वाकडा जाई. तरी कापड बोटाबोटानं वाढू लागलं. ज्येष्ठ सरता सरता तिनं ते मागावरून उतरवलं. नऊ हात भरलं. राखी-पिवळा रंग, जाडंभरडं, हाताला खरखरीत. सारजानं त्याची घडी महाराजांच्या पायापाशी ठेवली. महाराजांनी ती उचलून आपल्या डोळ्यांना लावली.

"महाराज, व्याही हसतील का जी याले?"

"ते काय करतील ते करतील. तू जा. लेक वाट पाहते."

सारजा झोपडीतून पाण्याकडे वळली आणि थबकली. आवळडोहला पावसाचा थेंब नव्हता, पण वर डोंगरात कोसळला असावा. नदी तांबडी होऊन धावत होती. झाडांच्या फांद्या वाहत होत्या. काठावर गाव गोळा झालेलं आणि सगळे नदीच्या मधोमध बघत होते. बकारामचा डोंगा! पलीकडून निघाला तेव्हा पाणी साधं होतं, मधे आल्यावर लोंढा आला. डोंग्यात दुसरा कोण? डोक्याला पागोटं, रेशीमकाठी धोतर. डोमाजी!

"असं काय अडलं होतं यायचं?" कुणीतरी काठावरून ओरडून विचारलं.

बकाराम डोंग्यातूनच ओरडला, "गवरा दोन दिस अडली हाय! सुईण म्हणते, हातची गोष्ट राहिली नाई. आवळडोहच्या कौसाबाई सुईणीले बोलवा म्हणते..." पुढचे शब्द पाण्यानं गिळले. बकारामचं वल्हं मोडलं. डोंगा गरगर फिरला, वाहत काठाकडे आला आणि पाण्यातल्या खडकावर आदळून अडकला. काठ अजून तीस हात दूर. डोंग्याला चीर गेली. डोमाजी दोन्ही हातांनी खडक धरून लटकला. बकारामनं एका हातानं त्याचं मनगट धरलं.

घाटावरचा दोर फेकला. अंबाडीचा दोर, वर्षभर उन्हात पडलेला; ताण बसताच काडकन तुटला. दुसरा दोर आणायला माणूस गावाकडे पळाला.

सारजाच्या हातात घडी होती. चार वर्षांचं रडू त्या घडीत होतं. लेकीच्या दारात जाण्याची तेवढी एकच वाट तिच्यापाशी होती. हे वाहून गेलं तर दुसरं कुठून आणणार? क्षणभर, अगदी क्षणभर तिची मूठ आवळली. आणि मग तिच्या मनात आलं, गवरा तिकडे अडली आहे, आणि निरोप घेऊन निघालेला माणूस हा इथे बुडतो आहे. हा बुडाला तर लेक सुतकात बाळंत होणार. ती पुढे सरली. धोतराचं एक टोक तिनं करंजाच्या खोडाला बांधलं, दुसऱ्या टोकात दगड गाठला.

"वेडी झाली का सारजा? नऊ हाताचं धोतर अन् तीस हात पाणी!"

"महाराज!" तिनं एवढीच हाक मारली आणि दगड भिरकावला.

काय सांगावं! दगड गेला, आणि त्याच्यामागे कापड गेलं, आणि जातच राहिलं. नऊ हात संपले तरी संपेना. सारजाच्या हातांतून ते असं सरत होतं, जसं कुणीतरी मागावर बसून विणून देत आहे आणि ती फक्त पुढे सोडते आहे. दगड डोंग्यात पडला. बकारामनं टोक खडकावरून घेऊन डोमाजीच्या कमरेला गुंडाळलं, उरलेलं आपल्या हाताला. काठावरच्या माणसांनी ओढायला सुरुवात केली. नदीनं सगळं बळ लावलं. जवस भिजला आणि भिजल्यावर आणखीच घट्ट झाला. एक धागा सुटला नाही. दोघेही चिखलात येऊन पडले.

डोमाजी बराच वेळ खोकत होता. मग त्यानं कमरेचं कापड हातात घेऊन पाहिलं. जन्मभर कापड पाहणारा माणूस. त्यानं ते हातानं मोजलं. एक, दोन, तीन... नऊ. पुन्हा मोजलं. नऊ. कुठे सांधा? सांधा नाही. काठ जरासा वाकडा होता, पहिल्या चार दिवसांचा.

"हे... कुणाच्या मागावरचं?" त्यानं विचारलं. कळलेलं असूनही विचारलं.

"माझ्या," सारजा म्हणाली. "व्याहीबुवा, चिखल लागला त्याले. धुऊन देतो. पण आधी मले पलीकडे जाऊ द्या हो! माझी पोर..."

डोंगरातलं पाणी जसं अवचित आलं तसं ओसरूही लागलं होतं. दुसऱ्या ढिवरानं आपला डोंगा काढला. कौसाबाई आपली थैली घेऊन बसली, आणि डोमाजी, जो चार वर्षं तिच्यासाठी ओसरीवरून खाली उतरला नव्हता, त्यानं गुडघाभर पाण्यात उभं राहून डोंगा धरला आणि म्हणाला, "विहीणबाई, तुम्ही आधी बसा."

गवराच्या खोलीत अंधारलेलं होतं. सारजानं दारातूनच ओळखलं, की आता चार वर्षांचं काही बोलायची वेळ नाही. तिनं लेकीचं डोकं मांडीवर घेतलं.

"माय?" गवरानं डोळे न उघडताच विचारलं. "खरंच आली का वं?"

"आली वं माझी बाई. आता जोर लाव. मी हाय."

तिन्हीसांजेच्या आत पोरीचा जन्म झाला. इवलीशी, लालबुंद, आणि आवाज केवढा! कौसाबाईनं हात पुढे केला, "मऊ फडकं द्या." दारापलीकडून एक हात आत आला. डोमाजीचा. त्या हातात नदीत धुतलेलं, चुलीपाशी वाळवलेलं जवसाचं धोतर होतं.

"नको जी," सारजा घाबरून म्हणाली, "ते खरखरीत हाय. लेकराले टोचेल."

कौसाबाईनं कापड गालाला लावून पाहिलं. "कुठं टोचते वं? मऊ झालं हे. पाण्यानं मऊ झालं."

"माझा मान हाय तो," डोमाजी दारापलीकडून म्हणाला. "तिच्या अंगावर घाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी डोमाजी अनवाणी करंजाखाली आला. झोपडीत शिष्य महाराजांच्या हातांना लोणी लावीत होते. दोन्ही तळव्यांची कातडी सोलवटून निघाली होती. शिष्य म्हणाले, "काल पुराच्या वेळी झोपडीत भजन चाललं होतं. महाराजांनी एकदम डोळे मिटले आणि उपरणं हातातून असं सोडायला लागले, जसं विहिरीत दोर सोडतात. थांबा म्हटलं तरी थांबेनात. थांबले तेव्हा हात असे."

डोमाजीनं ते तळवे पाहिले. ज्या मुखानं त्यानं बांधावर थट्टा केली होती, ते मुख जमिनीला टेकलं. पागोटं बाजूला घरंगळलं.

"महाराज, मी कोष्टी. मी धागा पाहिला, माणूस नाई पाहिला. मले क्षमा करा."

महाराजांनी त्याला उठवलं. "जेवला का रे बाप्पा?" ते म्हणाले. आणि मग हळू आवाजात, "माझ्या पाया पडून काय? चार वर्षं या काठावर जी उभी राहिली, ती तुझ्या घरात आता लेकीले पेज पाजत असेल. तिकडे जा."

डोमाजी परतला. ओसरी, दार, माजघर ओलांडून बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी आला. सारजा बाहेर आली तसा तो वयानं, मानानं मोठा असलेला माणूस तिच्या पायांपाशी वाकला.

सारजा दचकून मागे सरली. "व्याहीबुवा! मले पाप लावू नका जी. सव्वा महिना झाला का माझ्या लेकीले माहेरी धाडा, एवढं पुरे."

"धाडीन," डोमाजी वाकलेलाच म्हणाला. "मी स्वतः डोंग्यात बसवून आणीन. पण सव्वा महिना तुम्ही कुठं जाता? हे घर तुमच्या लेकीचं हाय. राहा."

आतून गवराची हाक आली, "माय, ही रडते वं, घे ना!" आणि सारजा, चार वर्षं लेकीला लांबून पाहणारी ती माय, हाक पुरी व्हायच्या आत उंबरा ओलांडून गेली. सखोजी महाराजांच्या कृपेनं जी भेट तिला लाभली, तशी सगळ्या तळमळणाऱ्या मायलेकींना लाभो.